खंदकाच्या आतलं

आपण सहा आठवड्यांपूर्वी वारलो, ही बातमी आलेइडा रूल्फिंकला शनिवारी दुपारी उट्रेख्टच्या बाजारचौकात, जिऱ्याच्या चीजचा तुकडा पिशवीत ठेवता ठेवता समजली. सांगणारा एव्हर्ट होता, एल्झेनहोर्स्टच्या गढीवरचा माळी. गर्दीतून तो कितीतरी वेळ तिच्याकडे नुसता पाहत राहिला. मग शवपेटीसमोर काढतात तशी त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि पुढे काय करायचे ते न सुचून पुन्हा घातली.

"रूल्फिंकबाई," तो म्हणाला, "तुम्ही तर गेलात."

"कुठे?"

"म्हणजे वारलात. जानेवारीत. आम्ही पुष्पचक्र पाठवलं."

"कोणत्या फुलांचं?" तिने विचारले, आणि हाच प्रश्न आपल्या तोंडून आधी यावा याचे तिला नवल वाटले. तो म्हणाला की जानेवारीत बागेत असते तरी काय, आयव्हीची वेल आणि बर्फातून वर येतात ती पांढरी फुले. त्याने स्वतः बांधले आणि आमर्सफोर्टच्या दहनगृहात नेऊन दिले. आमर्सफोर्ट हा शब्द ऐकल्यावर सगळा उलगडा झाला. रूल्फिंकांच्या घराण्यात थोरल्या मुलीला आजीचे नाव देण्याची रीत होती, आणि आजीच्या दोन्ही मुलांना पहिल्या मुलीच झाल्या. त्यामुळे एकाच नावाच्या दोन मुली एकाच कुटुंबात वाढल्या. आजीच्या वाढदिवसाला साऱ्या खुर्च्या भिंतीलगत गोल मांडलेल्या असत. आजीने "आलेइडा" अशी हाक मारली की दोघी उठत, आणि आजी त्यांतल्या एकीला बस म्हणत असे. बहुतेक वेळा बसावे लागे ते हिला. दोघींनीही लग्न केले नाही. एक आमर्सफोर्टच्या शाळेत शिक्षिका झाली, दुसरी एल्झेनहोर्स्टला, चादरी ठेवतात त्या कापडाच्या खोलीत कामाला लागली आणि पुढे त्या खोलीची मुख्य होऊन निवृत्त झाली. जानेवारीत शिक्षिका वारली. करड्या काठाच्या पाकिटातून तसे पत्र हिच्याकडे आले होते. बाहेर निसरडे होते, कंबर दुखत होती, म्हणून हिने छापील सांत्वनपत्र पाठवले आणि अंत्यविधीला ही गेली नाही.

"ती माझी चुलतबहीण," आलेइडा म्हणाली.

एव्हर्टने आधी चेहरा दोन्ही हातांनी पुसला, आणि मग तो हसू लागला. त्याला हसू आवरेना. "मिर्यमने पेपरातलं कात्रण आणलं," तो सांगू लागला. "नवीन घरकारभारीण आहे ती, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. नाव तेच, आडनाव तेच. स्वयंपाकघराशेजारच्या संडासात, सगळ्यांच्या घरी असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर आहे ना, त्यात तुमच्या नावापुढे तिने क्रूस काढला. सुबक काढलाय हं. पट्टी लावून."

त्याची परतीची बस चार वाजून दहा मिनिटांची होती. एक तास हातात होता. ती त्याला चौकाच्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. घेऊन गेली म्हणण्यापेक्षा ती पुढे निघाली आणि तो मागे आला, जसा छत्तीस वर्षांपूर्वी येत असे. काचेशेजारच्या टेबलावर दोघांपुढे कॉफी आली, सोबत एकेक बिस्कीट. आलेइडा हातमोजे काढत असताना तिच्या मनात एक विचार येऊन बसला आणि उठेना. सहा आठवडे ती मेलेली होती, आणि तिच्या दिवसांत त्यामुळे काडीचाही फरक पडला नव्हता. या सहा आठवड्यांत तिने ग्रंथालयाची चार पुस्तके बदलली, पडदे धुतले, सज्ज्यातल्या कुंड्यांवरचे पोते काढले आणि थंडी पुन्हा आली म्हणून परत घातले. दूरध्वनी दोनदा वाजला. एकदा दातांच्या डॉक्टरांकडून, एकदा चुकून. मेलेल्या माणसाचे दिवस असेच जात असतील तर मरण्यात भिण्यासारखे फारसे काही नव्हते. पण तिकडे, बीच नावाच्या उंच झाडांच्या राईत, खंदकाच्या काळ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या घरात, काहीतरी घडले असणार. कुणीतरी जिना चढून वर गेले असणार आणि कुणीतरी सांगितले असणार. आणि बाईसाहेबांनी मान वर करून काहीतरी म्हटले असणार.

बाईसाहेब राजघराण्यातल्या. गादीवर त्या कधी बसल्या नाहीत, बसण्याची पाळीही नव्हती. राजधानीतले वाडे, भालदार, मेजवान्या हे सगळे इतरांकडे गेले, आणि त्यांनी आपल्या वाटणीला हे रानातले घर मागून घेतले. तिथे त्या स्वतःची कॉफी स्वतः करीत, कोपरांवर विरलेला लोकरी अंगरखा घालीत आणि रबरी बूट घालून पुलावरून फिरायला जात. समोरून येणारे गावकरी त्यांना पाहून झाडांकडे पाहू लागत, कारण त्या गावात सभ्यतेची तीच व्याख्या होती. आलेइडा एक्केचाळीस वर्षे त्या घरात राहिली. तिच्या ताब्यात ओकच्या लाकडाची अकरा कपाटे होती, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेला मुकुट आणि त्याखाली आकडा. धुऊन आलेली चादर थप्पीच्या तळाशी जायची आणि वरची वापरात यायची, म्हणजे कोणत्याच चादरीवर दुसरीपेक्षा जास्त झीज येत नसे. निवृत्त झाली त्या दिवशी बाईसाहेब परदेशी होत्या. चांदीचा एक चमचा डबीत घालून मिळाला. त्यानंतर बारा वर्षे दर डिसेंबरात एक कार्ड येत असे, खाली सही. ती सही शाईची की छापलेली हे पाहण्यासाठी आलेइडाने बोट ओले करून कधीच फिरवले नाही. फिरवले असते तर कळले असते.

"बाईसाहेबांना कुणी सांगितलं?" तिने विचारले.

"मिर्यमने. न्याहारीच्या वेळी. मी टेबलावरच्या फुलांचं पाणी बदलत होतो."

"मग तू तिथेच होतास."

"होतो की."

"काय म्हणाल्या?"

एव्हर्टने बिस्कीट कॉफीत बुडवले आणि ते मऊ होईपर्यंत धरून ठेवले. "रूल्फिंकबाई," तो म्हणाला, "जर्दाळूचा मुरंबा आठवतो का?"

तिला आठवत होता. कामाला लागून त्याला आठवडाही झाला नसेल, तेव्हा गावातल्या बेकरीत त्याने सहज म्हटले होते की बाईसाहेबांना जर्दाळूचा मुरंबा फार आवडतो. संध्याकाळपर्यंत ते आलेइडाच्या कानावर आले. तिने त्याला कापडाच्या खोलीत बोलावले, दोन कपाटांच्या मध्ये उभे केले आणि चादरी मोजता मोजता, त्याच्याकडे न पाहता सांगितले की खंदकाच्या आत बोललेले खंदकाच्या आत राहते; मुरंबा असो की मरण असो, त्यात लहानमोठे नाही; हे ज्याला जमत नाही त्याने पलीकडच्या कोणत्याही बागेत काम शोधावे, बागा पुष्कळ आहेत. त्याचे कान लाल झाले होते. छत्तीस वर्षांत त्याने पुन्हा कधी तोंड उघडले नाही. गढीविषयी लिहिणारे लोक येत, गोड बोलत, त्याच्या गुलाबांची स्तुती करीत, आणि तो त्यांना गुलाबांचीच माहिती देत असे.

"तो नियम परक्यांसाठी आहे," ती म्हणाली.

"तुम्ही तसं नव्हतं सांगितलं. तुम्ही म्हणालात, आईलासुद्धा नाही."

"मी एक्केचाळीस वर्षं त्या घरात होते, एव्हर्ट."

"होतात," तो म्हणाला. त्याने ते हळू म्हटले, टोचावे म्हणून नव्हे, पण ते टोचलेच. त्यालाही ते कळले असावे, कारण त्याने आपल्या बशीतले उरलेले अर्धे बिस्कीट तिच्याकडे सरकवले आणि तिने ते परत सरकवले.

बाहेर बाजार आवरला जाऊ लागला होता. आपण आयुष्यात कुणाकडे काही मागितले नाही, असा आलेइडाचा स्वतःविषयी समज होता आणि तिला त्याचा अभिमान होता. पण आता, काचेवर जमलेल्या वाफेतून पाहताना, तिला उमगत होते की ती एकच गोष्ट वर्षानुवर्षे मागत आली होती, फक्त तोंडाने नव्हे. तिला एक संध्याकाळ आठवली. खरे तर ती आठवण तिच्याजवळ कायमच असे. काही लोक खिशात चावी चाचपतात तशी ती ही आठवण चाचपत असे. बाईसाहेबांचे थोरले भाऊ गेले तो हिवाळा. अंत्यविधीहून त्या परतल्या, काळ्या कपड्यांनिशी जिना चढल्या आणि स्वतःच्या खोलीत न जाता कापडाच्या खोलीत आल्या. आलेइडा एकटीच मोठी चादर घडी करीत होती, हनुवटीखाली धरून, जशी एकट्या माणसाला करावी लागते. बाईसाहेबांनी काही न बोलता चादरीची पलीकडची दोन टोके उचलली. दोघी मागे सरल्या, कापड ताणले, पुढे आल्या, टोकाला टोक लावले, पुन्हा मागे सरल्या. तासभर. शेवटी थप्पी पुरी झाली तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "झालं तर," आणि गेल्या. तो तास आलेइडाने पुढे किती वर्षे पुरवून पुरवून वापरला. कुणाला सांगितला नाही, कारण सांगायचे नसते. न सांगितलेली गोष्ट मात्र हळूहळू आपलीच राहत नाही. तिला साक्षीदार नसतो. कधीकधी पहाटे जाग आली की तिला शंका येई. गरम पाण्याचा मोठा नळ त्याच खोलीतून जात होता आणि त्या हिवाळ्यात घरभर दुसरी ऊब नव्हती. बाईसाहेब कदाचित नळाजवळ आल्या असतील. तिथे एक बाई होती, तिच्या हातात चादर होती, म्हणून एक टोक उचलले, एवढेच असेल.

आणि आता, मेल्यामुळे, अचानक हे कळण्याची सोय झाली होती. माणसाला जिवंतपणी जे ऐकायला मिळत नाही ते एका कात्रणाच्या चुकीमुळे पलीकडे त्या न्याहारीच्या टेबलावर बोलले गेले होते, आणि ते ऐकलेल्या दोघांपैकी एक समोर बसून मिशीला लागलेली कॉफी पुसत होता.

"चांगलं म्हणाल्या की वाईट, एवढं तरी सांग."

"अहो, वाईट कशाला म्हणतील?"

"म्हणजे चांगलं."

"मी तसंही म्हणालो नाही." त्याने घड्याळ पाहिले. "तुम्हीच शिकवलंत, बाई. एक धागा ओढू दिला की चादर उसवते. तुमचेच शब्द आहेत हे. मी आमच्या हाताखालच्यांना अजून तेच सांगतो, रूल्फिंकबाईंचं वाक्य म्हणून."

"पुष्पचक्र कुणी सांगितलं बांधायला?"

"मिर्यमने."

"फितीवर काय होतं?"

"घराचं नाव." त्याने चमचा बशीत सरळ ठेवला. "फीत छान होती. रेशमी."

ती चिडली होती, आणि ज्याच्यावर चिडावे तो सर्वस्वी बरोबर होता, किंबहुना तिनेच घडवलेला होता, हे त्या चिडण्यातले सर्वांत अवघड होते. तिने पैसे दिले, त्याला देऊ दिले नाहीत. दोघे बाहेर पडून बसच्या थांब्याकडे चालू लागले. तो तिच्या दुखऱ्या कमरेचा विचार करून सावकाश चालत होता आणि बागेविषयी बोलत होता: जुन्या नाशपातीला कीड लागली, खंदकातला गाळ यंदा काढणार, बाईसाहेब आता फारशा खाली येत नाहीत, खिडकीत बसतात. नंतर, आपण हे सांगायला नको होते असे वाटून की काय, तो गुलाबांकडे वळला.

आलेइडा ऐकत नव्हती. तिला फेम्मेत्ये आठवली होती, आणि का आठवली ते कळायच्या आत तिचे पाय मंदावले. फेम्मेत्ये गढीची स्वयंपाकीण, सत्तावीस वर्षे. ती निवृत्त झाल्यानंतर काही महिन्यांनी आलेइडा तिला भेटायला झाइस्टला गेली होती. लहानशी खोली, खिडकीत तीन जिरेनियम. फेम्मेत्येने कॉफी ओतता ओतता, अगदी सहज, किटलीकडे पाहत विचारले होते, "मी गेल्यावर बाईसाहेब माझ्याविषयी काही म्हणाल्या का गं?" आणि आलेइडाने ओठ मिटून, हसून, मान हलवली होती. "तुला ठाऊक आहे, खंदकाच्या आतलं मला सांगता येत नाही." फेम्मेत्येचा चेहरा उजळला होता. सांगता येत नाही म्हणजे सांगण्यासारखे आहे, असे तिने मानले, आणि ते मानूनच ती पुढची सहा वर्षे जगली आणि वारली. बाईसाहेब तर एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. नव्या बाईने केलेले सूप त्यांनी नेहमीसारखे संपवले होते, आणि वाडगा बदलला आहे हे जसे त्यांच्या लक्षात आले नाही तसे हेही आले नव्हते. झाइस्टहून परतताना आलेइडाला स्वतःविषयी बरे वाटले होते. नियमही मोडला नाही आणि म्हातारीचे मनही राखले. नियमाचा असाही उपयोग होतो हे तिने त्या दिवशी शोधून काढले आणि कुणालाही शिकवले नाही. एव्हर्टला तर नाहीच. मग त्याला तो कुठून सापडला? कदाचित अशा गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. कदाचित ज्या घरात लोक बोलत नाहीत तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला त्या एक ना एक दिवस आपसूक सापडतात.

तिने त्याच्याकडे बाजूने पाहिले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, मानेवर उन्हाने पडलेल्या चौकटी, नखांत माती. हा माणूस खोटे बोलू शकत नव्हता हे ती जाणून होती. एखादे चांगले वाक्य असते, अगदी लहानसे, "बिचारी" एवढेच असते, तरी त्याने मुरंबा विसरून ते कधीच तिच्या ओंजळीत टाकले असते. आणि वाईट असते तर तो रागावला असता, बाईसाहेबांवरच रागावला असता. तो ना आनंदला होता, ना रागावला होता. दुपारभर तो तिला कशापासून तरी आडोसा धरून चालत होता, जसा वारा आला की रोपांना धरतात.

थांब्यावर लोक उभे होते. बस वळणावर दिसली. एव्हर्टने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि तिच्याकडे वळला, आणि तिला दिसले की शेवटच्या प्रश्नाची तो वाट पाहत आहे, आणि या वेळी आपल्याला नाही म्हणता येणार नाही या भीतीने त्याचा जबडा घट्ट झाला आहे.

"एव्हर्ट," ती म्हणाली, कापडाच्या खोलीतल्या आवाजात, "तू सांगू नकोस."

"काय?"

"जे काही असेल ते. मला नको सांगूस. मी पुढे कधी पत्रात विचारलं, तरी नको. तू बरोबर वागलास."

त्याचे खांदे खाली आले. सारी दुपार वर धरलेले काहीतरी जमिनीवर ठेवावे तसे ते आले, आणि त्याने इतका मोकळा श्वास सोडला की शेजारच्या बाईने वळून पाहिले. आलेइडाने ते पाहिले. तिला हवे होते ते उत्तर तेच होते आणि ते पुरेसे स्पष्ट होते. मोठे काही पोटात ठेवलेला माणूस असा सुटत नाही. बाईसाहेबांनी बहुधा मान वर केली असेल, बहुधा "कोण?" असे विचारले असेल, किंवा तेही नसेल, कात्रण बघून झाल्यावर लोणी पुढे सरकवायला सांगितले असेल. तिने ते मनाशी एकदा पाहिले, त्या टेबलावरच्या स्वच्छ पांढऱ्या कापडासकट, आणि आश्चर्य म्हणजे त्या क्षणीही तिला पहिल्यांदा दिसले ते कापडच, आणि त्याला इस्त्री नीट झालेली नव्हती.

बसचे दार उघडले. एव्हर्ट पायरीवर चढला आणि वळला. "पण तिकडे काय सांगू, बाई? तुम्ही आहात म्हणून सांगायला हवं ना. मिर्यम तर लाजेने मरेल."

"मिर्यमला सांग, तो क्रूस खोडून टाक. रेघेने नको, खरवडून. आणि माझ्या चुलतबहिणीच्या माणसांना दोन ओळी लिहून पाठवायला सांग, की फुलं चुकून गेली नव्हती. रूल्फिंक घराण्यासाठीच होती म्हणावं." तिने त्याच्या कोटाचे वरचे बटण, जे उघडे होते, लावून दिले. चालकाने आरशात पाहिले.

"आणि बाईसाहेबांना?"

आलेइडाने हातमोजे चढवले, आधी डावा, मग उजवा, प्रत्येक बोट नीट खाली ओढून.

"वर कळवायची गरज नाही," ती म्हणाली.